दादा कसा गेला

दादा सैन्यात भरती झाला तेव्हा घरात आनंद जास्त होता की धाकधूक, हे मला आज नीट सांगता येणार नाही. आठवतात ते त्या घराचे वास. ओसरीवर वाळत घातलेल्या जाळ्याचा, चुलीवर रटरटणाऱ्या लाखोळीच्या डाळीचा, मागच्या अंगणात खाटेवर पसरलेल्या सुक्या झिंग्यांचा. मार्कंड्याच्या देवळापासून सायकलनं जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. आम्ही ढिवर. गावाला जुन्या मालगुजारीतला मोठा तलाव आणि त्यात मासे धरायचा हक्क आमच्या लोकांच्या सोसायटीकडे. बाबा उजाडायच्या आधी डोंगा घेऊन पाण्यात असायचे. परत आले की खांद्यावरचं जाळं ओसरीत टाकायचे आणि त्याच्या कडेच्या शिशाच्या गोळ्या दगडावर आपटून खळखळायच्या. मी रोज त्या आवाजानं जागी व्हायची. आई तोवर टोपलं धुऊन तयार. आठवडी बाजाराच्या दिवशी ती मासळी घेऊन निघायची, आणि बाकीचे दिवस घरोघरी. घरी मात्र आमच्या ताटात उरलीसुरली बारीक मासळीच यायची, वांग्यात घालून, वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून. त्या कालवणाची सर नंतर चंद्रपूरला इतकी वर्षं राहूनही मला कुठल्या भाजीला आलेली दिसली नाही.

दादाचं नाव मुरलीधर. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तलावाच्या पाळीवरून रोज सकाळी धावायचा, भरतीच्या तयारीसाठी. त्याच्याबरोबर प्रमोद धावायचा, शेजारच्या आळीतला त्याचा जिवलग. दोघं मिळून भिजवलेले चणे खायचे, एकाच कोंबडीच्या अंड्यांवरून भांडायचे. नागपूरला भरतीला दोघंही गेले. दादा निवडला गेला. प्रमोदची छाती मापात बसली नाही. परत येताना एस.टी.त प्रमोद खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि दादाला आपल्याला आनंद झालाय हे लपवावं लागत होतं, असं दादानंच मला सांगितलं. पुढे जे झालं ते आठवताना मी या एका गोष्टीपाशी नेहमी थांबते. प्रमोद वाईट मुलगा नव्हता. त्यानं सैन्यावर माझ्या भावाइतकंच प्रेम केलं होतं आणि सैन्यानं त्याला दारातून परत पाठवलं होतं.

आणखी एक माणूस आमच्या घरात घरच्यासारखा होता. निताईभाऊ. नदीपलीकडच्या बंगाली कॅम्पातले. त्यांचे वडील फार पूर्वी घरदार सोडून पूर्वेकडून आले, सरकारनं त्यांना या जंगलात जमीन दिली, आणि निताईभाऊ इथंच जन्मले. पावसाळ्याच्या तोंडाशी ते प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्यांतून मासळीचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, घेऊन यायचे. बाबा आणि ते पिशव्या आधी तलावाच्या पाण्यात तरंगत ठेवायचे, पाणी एकसारखं कोमट झालं की मगच तोंड सोडायचं. दादा लहानपणापासून त्यांच्यामागे. त्यांची बायको शेफालीकाकी मोहरी वाटून मासे करायची आणि दादा तिच्याकडे गेला की संध्याकाळपर्यंत परत यायचा नाही. आई म्हणायची, "मुरलीले तिकडंच देऊन टाका आता." निताईभाऊंची मराठी आमच्यासारखीच झाडीपट्टीची, फक्त जरा गोल. ते आईला वहिनी म्हणायचे. बाजारात त्यांचं दुकान आईच्या शेजारी लागायचं. गिऱ्हाईक आईकडे मोठी मासळी मागायला आलं की आई त्यांच्याकडे बोट करायची, आणि बारीक मागणारं आलं की ते आईकडे पाठवायचे.

दादाची नेमणूक डोंगरातल्या सीमेवर होती. तो गेल्याची बातमी धानाच्या कापणीत आली. सरपंचाच्या घरी फोन आला आणि सरपंच स्वतः चालत आमच्याकडे आले. माझी बारावी चालू होती. ते ओसरीत उभे राहिले आणि बराच वेळ नुसतं "भाऊ, भाऊ" म्हणत राहिले. बाबांना कळलं, पण ते ऐकायला तयार नव्हते. ते खाली बसून जाळ्याचं तुटलेलं घर सांधतच राहिले, आणि मला आठवतं, त्यांचा हात चुकत नव्हता.

पेटी दोन दिवसांनी आली. झेंड्यात गुंडाळलेली. आमच्या गावात त्याआधी इतकी माणसं मी पाहिली नव्हती. सिंदेवाहीकडून, मूलकडून, चंद्रपूरहून गाड्या आल्या. बंदुकांची सलामी झाली तेव्हा तलावावरची सगळी पाखरं एकदम उठली. त्या दिवशी गाव रडलं ते खरंखुरं. कोणी भाषण केलं नाही. निताईभाऊ आणि प्रमोद या दोघांनी एकाच बाजूनं खांदा दिला, एक पुढे, एक मागे.

पेटीबरोबर एक हवालदार आला होता, राजस्थानकडचा. त्याचा डावा हात गळ्यात बांधलेला. सगळं आटोपल्यावर तो मागच्या दारानं स्वयंपाकघरात आला आणि आईसमोर जमिनीवर बसला. मी चुलीपाशी होते. तो हळू हळू बोलला, आईला हिंदी कळावं म्हणून.

"माताजी, वहाँ दुश्मन नहीं था. बारिश थी. रास्ता धँस गया, गाड़ी नीचे चली गयी. मुरली ऊपर वाली गाड़ी में था. उसे कुछ नहीं हुआ था."

आई त्याच्याकडे बघत राहिली.

"दो जवान नीचे दबे थे. वो रस्सी बाँध के उतरा. दोनों को निकाला. फिर ऊपर से दुबारा पहाड़ आया."  गळ्यातला हात दुसऱ्या हातानं धरून म्हणाला, "उन दो में एक मैं हूँ."

आईनं त्याला भात वाढला. लाखोळीची डाळ वाढली. तो डाव्या खांद्यानं डोळे पुसायचा प्रयत्न करत जेवला, आणि आई त्याच्या ताटाशी बसून राहिली, जसं दादा सुट्टीत आला की बसायची तशी. तो निघाला तेव्हा तिनं त्याच्या बांधलेल्या हातावरून हात फिरवला. "त्यानं कोणाले मारलं नाई," ती रात्री बाबांना म्हणाली. "दोघाइले काढलं. माह्या पोरानं दोघाइले काढलं." त्या दिवसांत तिला जगवलं असेल तर या एका वाक्यानं.

बाबांना मात्र ते वाक्य पचलं नाही. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. आता त्यांच्या वयाच्या जवळ पोचल्यावर कळतं. एकुलता मुलगा गेला आहे, आणि कोणी नेला विचारलं तर उत्तर आहे पाऊस, माती. बाबांना कोणीतरी हवं होतं ज्यानं हे केलं.

ते कोणीतरी प्रमोदनं आणून दिलं. दादाच्या तेराव्याच्या आत बसस्टँडवर मोठा फलक लागला. दादाचा वर्दीतला फोटो, मागे डोंगर, धूर, आणि खाली लिहिलेलं: शत्रूशी झुंज देताना वीरमरण. टीव्हीवर त्या दिवसांत सीमेवरच्या बातम्या सारख्या चालू होत्या, स्टुडिओत बसलेली माणसं एकमेकांवर ओरडत. फलक बघून आई प्रमोदच्या पानठेल्यावर गेली. मी तिच्याबरोबर होते.

"प्रमोद, हे तू काऊन लिवलं रे? असं नाई झालं."

"काकू, बॉर्डर म्हटलं की शत्रू असतेच," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ होता त्याचा. "आर्मीवाले सगळं सांगत नाई घरच्याइले. तुमाले त्रास नको म्हणून."

"त्या पोरानं सोता सांगतलं मले. त्यालेच तं काढलं मुरलीनं."

"काकू, तुमी घरी जा. आमी हावो ना. मुरली आता तुमचा एकटीचा नाई राह्यला, पूर्‍या देशाचा आहे."

आई परत फिरली. घरी येताना वाटेत म्हणाली, "देशाचा आहे तं देशानं खरं सांगाले पाह्यजे ना त्याच्याबद्दल."

आजकाल रोज संध्याकाळी टीव्हीवर विद्वान लोक देशभक्ती कशाला म्हणायचं आणि राष्ट्रवाद कशाला म्हणायचं यावर वाद घालतात. मी मराठीची शिक्षिका, शब्दांचे अर्थ सांगण्यात आयुष्य गेलं, पण त्यांच्या व्याख्या माझ्या डोक्यात टिकत नाहीत. मला पानठेल्यासमोर उभी असलेली आई दिसते. तिला माझ्या भावाचा अभिमान होता आणि त्यासाठी तिला कोणाचा तिरस्कार करायची गरज पडली नव्हती. प्रमोदचा अभिमान तेवढ्यावर भागत नव्हता.

त्यानंतरच्या आठवडी बाजाराच्या दिवशी प्रमोदच्या तरुण मंडळाची श्रद्धांजली रॅली निघाली. शाळेची पोरं पुढे, मागे मोटरसायकली, त्यावर झेंडे. आई घरीच होती, तिला बाजारात जायला मन नव्हतं. मी मैत्रिणींबरोबर रॅलीत होते, दादाचा फोटो छातीशी धरून. शेजारच्या देशाच्या नावानं मुर्दाबादच्या घोषणा चालल्या होत्या. बाजाराच्या तोंडाशी रॅली थबकली, कारण गर्दीत वाट नव्हती. समोरच निताईभाऊंचं मासळीचं दुकान. आईची शेजारची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती, तिथं कोणाला बसू दिलं नव्हतं. ते उठून उभे राहिले, फोटोकडे बघून हात जोडले.

मागून आमच्या गावच्या नसलेल्या कोणीतरी विचारलं, "हा कुठचा?"

"कॅम्पातला. बंगाली."

"म्हणजे बांगलादेशी."

ज्या देशाच्या नावानं घोषणा चालल्या होत्या तो पश्चिमेला, निताईभाऊंचे वडील आले ते पूर्वेकडून, तेही आपला जीव आणि देव घेऊन पळत. पण बाजारात नकाशा कोण उघडतो. त्यांना घोषणा द्यायला सांगितलं गेलं. निताईभाऊंनी दिली. भारत माता की जय, मोठ्यानं, दोन्ही हात वर करून. पुन्हा द्यायला लावली, पुन्हा दिली. आणि त्यांच्या तोंडून ती निघते आहे हेच बहुतेक त्या पोरांना खटकलं, कारण तिसऱ्या वेळी कोणीतरी त्यांच्या पुढ्यातलं घमेलं लाथेनं उलटवलं. रोहू, कतला चिखलात गेले. काही अजून जिवंत होते. निताईभाऊ त्यांना गोळा करायला वाकले तसा त्यांना धक्का बसला आणि ते मासळीतच पडले. मी ओरडले, "अरे, ते आपले निताईभाऊ आहेत." घोषणांमध्ये ते कोणाला ऐकू आलं नसेल. प्रमोदला ऐकू आलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग निताईभाऊंकडे. ज्या खांद्यामागे त्यानं आठवडाभरापूर्वी खांदा दिला होता तो खांदा चिखलात होता. त्यानं पाठ फिरवली आणि रॅली पुढे घेतली.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आई त्याच पावली नदीपलीकडे गेली, नावेतून. परत आली तेव्हा अंधारलं होतं. बाबांना म्हणाली, "निताईभाऊचा हात सुजला. तुमी जाऊन या."

बाबा गेले नाहीत. "पोरं आहेत," ते म्हणाले. "रागात झालं. माह्या मुरलीसाठीच तं करून राह्यले."

"मुरलीसाठी? निताईभाऊच्या अंगणात वाढला तो."

"मग शत्रूनं मारलं नाई म्हणू का मी?" बाबांचा आवाज चढला. तसा तो कधी चढायचा नाही. "रस्ता खचला म्हणू? एस.टी.च्या गाडीखाली बी लोक मरतात. मग काऊन लोक आले एवढे? काऊन बंदुका वाजल्या?"

आई हळूच म्हणाली, "त्यानं दोघाइले काढलं म्हणून."

बाबांनी मान हलवली. ते त्यांना पुरत नव्हतं. मला आजही वाटतं, जगात माझ्या भावाइतकं चांगलं मरण थोड्यांना येत असेल, आणि माझ्या बापाला ते कमी वाटायला लावलं गेलं.

पुढच्या महिन्यात गावाच्या वेशीवर कमान उभी राहिली. सिमेंटची, वर दादाचं नाव आणि दोन्ही बाजूंना बंदुका रंगवलेल्या. उद्घाटनाला चंद्रपूरहून पुढारी आले. मंचावर आईला मधल्या खुर्चीवर बसवलं, खांद्यावर शाल, हातात नारळ. बाबा तिच्या शेजारी, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. सगळी भाषणं झाली, प्रत्येकात दादा एकेक नवी चकमक लढला. शेवटी प्रमोदनं माइक आईसमोर धरला आणि म्हणाला, "वीरमाता दोन शब्द बोलतील." त्याला वाटलं असेल ती रडेल, हात जोडेल. सगळ्यांनाच तसं वाटलं.

आई उठली. माइक फार जवळ होता, तिचा श्वास आधी ऐकू आला.

"माह्या पोराले कोणी मारलं नाई," ती म्हणाली. "तिथी शत्रू नव्हता. पाणी होतं, पहाड पडला. खाली दोघंजण दबले होते, त्याइले काढाले तो उतरला. दोघाइले काढलं त्यानं. त्यातल्या एकाले मी माह्या हातानं जेवू घातलं. तुमाले त्याचं नाव लिवाचं असन तं हे लिवा. आन् बाजारात निताईभाऊले जे केलं ते मुरलीच्या नावानं..."

इथं आवाज गेला. आई बोलत होती, ओठ हलत होते, पण कर्ण्यातून काही येईना. मग लगेच देशभक्तीचं गाणं सुरू झालं, खूप मोठ्यानं. आई माइककडे बघत थांबली, बोटानं त्यावर टकटक केलं, जसं शाळेच्या गॅदरिंगला बायका करतात. कोणीतरी हसलं. बाबा खाली मान घालून बसले होते. प्रमोद पुढे आला आणि तिला दंडाला धरून अगदी आदरानं खुर्चीवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी गावात एकच बोललं जाऊ लागलं, पोरगा गेल्यापासून मुरलीच्या मायचं डोकं फिरलं. कोणी वाईट बोललं नाही तिच्याशी. उलट सगळे फार हळुवार झाले. विहिरीवर बायका तिची बादली भरून द्यायच्या. आणि तिनं तोंड उघडलं की "हो काकू, हो" म्हणून दुसरीकडे बघायच्या. भांडण केलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ती बाजारात जाऊन बसली तर लोक तिच्या पाया पडायचे, पण तिच्याशी बोलताना आवाज लहान मुलाशी बोलावा तसा करायचे. बाबा आणि ती एका घरात राहिली, ती जाळं वाळत घालायची, ते मासळी आणून ठेवायचे, पण दादाबद्दल त्या दोघांत परत शब्द निघाला नाही. बाबा सकाळी कमानीपर्यंत चालत जायचे आणि तिथल्या कट्ट्यावर बसायचे. येणारे-जाणारे नमस्कार करायचे. तेवढं त्यांना मिळालं, आणि मरेपर्यंत पुरलं.

निताईभाऊ एकदाच आले, दुपारी, मागच्या गल्लीनं. आई ताट मांडायला उठली, तर म्हणाले, "नको वहिनी, बसत नाई." मळणी चालू होती, सगळीकडे धुळीचा पिवळा थर. ते उंबऱ्याशी उभे राहिले.

"येत्या पावसाळ्यात मासळीचं बी घेऊन नाई येणार. सोसायटीनं दुसरीकडून बोलावलं म्हणते."

"मी बोलन त्याइच्याशी," आई म्हणाली.

"नका बोलू. तुमालेच त्रास होईन." मग म्हणाले, "गावात यायचं तं त्या कमानीखालून यावं लागते, वहिनी. वर मुरलीचं नाव. खाली पोरं बसून राह्यते. मले ते जमत नाई."

 त्यांनी शेफालीकाकीनं दिलेली वाटलेल्या मोहरीची पुरचुंडी ओट्यावर ठेवली आणि आले तसे मागच्या गल्लीनं गेले. पुढे ते कुटुंब कामासाठी तेलंगणाकडे गेलं असं ऐकलं. कॅम्पात आता कोण आहे, मला माहीत नाही.

बाबा गेल्यावर मी आईला चंद्रपूरला आणलं. गावच्या शाळेत झेंडावंदनाला तिचं बोलावणं पुढेही बरीच वर्षं यायचं, ती गेली नाही. पण आमच्या घरामागे नगरपालिकेची शाळा आहे. तिथं राष्ट्रगीत सुरू झालं की आई हातातलं काम टाकून उभी राहते. एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर ती कणकेचे हात तसेच, ओट्याशी ताठ उभी. गीत संपलं, तिनं परत परातीत हात घातला. माझ्याकडे बघितलंही नाही.

परवा माझ्या मुलानं, रोहननं, पुण्याहून मला एक व्हिडिओ पाठवला. कोणीतरी दादावर बनवलेला. गोळ्यांचे आवाज, रक्त, आणि एक पहाडी आवाज सांगतो की मुरलीधरनं एकट्यानं शत्रूची तुकडी अडवली. मी रोहनला फोन केला.

"हे खोटं आहे. तुझी आजी सांगते ते तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे आई."

"मग खाली लिही ना तसं. नाहीतर मी लिहिते."

 तो आवाज खाली करून म्हणाला, "लिहू नकोस. ऑफिसातल्या सगळ्यांनी पाहिलाय तो, मामा आहे म्हणून मीच दाखवला. आता असं काही लिहिलं तर लोक काय म्हणतील कळत नाही तुला? दिवस बरे नाहीत. आजीलाही दाखवू नको."

माझ्या घरात जन्मलेला, तिच्या मांडीवर ती गोष्ट ऐकत वाढलेला मुलगा. मी बरं म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फोन ठेवला आणि व्हिडिओखालचा मजकूर वाचत बसले. झेंडे, जोडलेले हात, सूड घेण्याच्या शपथा, शेकड्यांनी. त्यातच एका पोरीनं विचारलं होतं, यांची आई अजून आहे का? तिच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नव्हतं. आतल्या खोलीत आई सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होती. मी उत्तराच्या जागी बोट ठेवलं, आणि काय लिहावं ते मला सुचेना.